असूड आणि झाडू : नेतृत्वनीतीची एक कसोटी

सत्तावीस वर्षे मी तत्त्वज्ञान शिकवले. त्यातली निम्मी वर्षे नीतिशास्त्राच्या तासाला ‘नेतृत्व आणि नीती’ हे प्रकरण माझ्याकडे असे. प्लेटोचा तत्त्वज्ञ-राजा, ॲरिस्टॉटलचे सद्‌गुण, मॅकिआव्हेलीचे कपट, कार्लाईलचा वीरपुरुष असा तो अभ्यासक्रम होता. त्यात बाबासाहेब कुठेच नव्हते. मीही ती उणीव कधी बोलून दाखवली नाही. इतरांवर टीका करण्याआधी ही कबुली देणे मला भाग आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 18 जानेवारी 1943 रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान दिले. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हे व्याख्यान गांधी आणि जिनांवरचा प्रहार म्हणूनच वाचले जाते. माझे म्हणणे असे की, नेतृत्वाच्या नीतीची पायरीपायरीने मांडणी करणारे ते एक तात्त्विक प्रकरण आहे. कोलंबियात जॉन ड्यूईंसारख्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसलेल्या माणसाची शिस्त त्यात दिसते.

मांडणी अशी आहे. कार्लाईलने थोरपणाची कसोटी म्हणून सचोटी सांगितली. बाबासाहेब ती स्वीकारतात, पण तेथे थांबत नाहीत. प्रामाणिक माणूस मूर्खही असू शकतो. म्हणून सचोटीला बुद्धीची जोड हवी, कारण संकटातून समाजाला वाट काढून द्यायची तर ती बुद्धीनेच सापडते. पण एवढ्याने माणूस फार तर नामवंत होतो; थोर होण्यासाठी त्याच्यामागे सामाजिक हेतूची प्रेरणा हवी. अशा थोर माणसाचे काम सांगताना ते दोन शब्द वापरतात : स्कर्ज आणि स्कॅव्हेंजर. त्याने समाजाला फटकारावे आणि समाजाची घाण काढावी.

हा उतारा वर्गात शिकवताना मी दुसऱ्या शब्दाचे मराठी ‘समाजशुद्धिकर्ता’ असे केले. मागच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचे वडील सफाई कामगार. तो उठून म्हणाला, “सर, शब्द कायले बदलवता? झाडूवालाच म्हणा ना!” वर्ग हसला. मला हसता आले नाही. जो शब्द बाबासाहेबांनी सभागृहातल्या उच्चभ्रू श्रोत्यांपुढे बेधडक उच्चारला, तो मी संस्कृताच्या पाण्याने धुऊन घेतला होता. भाषांतराची ही चूक भाषेपुरती नव्हती, ती नीतीची चूक होती.

सावंगी (मेघे) येथे राहणाऱ्याला या शब्दाचे वजन अधिकच जाणवते. वर्धा शहराच्या एका अंगाला आमचे गाव, दुसऱ्या अंगाला सेवाग्राम. गांधीजी 1936 मध्ये तेथे राहायला आले. आश्रमात मैलासफाई हे व्रत होते. उच्चवर्णीयांनी हातात झाडू घेतला, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच वर्षी गांधीजींनी आदर्श भंगी कसा असावा यावर लिहिले. तेथे झाडू हे पवित्र कर्तव्य ठरते आणि ज्याच्या हाती जन्माने झाडू आला त्याला त्यातच आदर्श शोधायला सांगितले जाते. बाबासाहेबांचा झाडू याच्या उलट फिरतो. तो जातीने लादलेले काम गोड करीत नाही; ज्या समाजाने ते लादले त्याची घाण काढणे हे नेत्याचे काम ठरवतो. 1993 आणि 2013 असे दोनदा कायदे करूनही या देशात माणसे गटारात उतरून मरतात. म्हणून दोन झाडूंमधला हा फरक केवळ पुस्तकी नाही.

पहिला शब्द तर आपल्याच घरातला आहे. स्कर्ज म्हणजे असूड. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्येच आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले होते.

आणि येथेच मला या व्याख्यानाशी वाद घालावासा वाटतो. रानड्यांना बाबासाहेब थोर ठरवतात. सरकारला आव्हान देणाऱ्यापेक्षा समाजाला आव्हान देणाऱ्याला अधिक धैर्य लागते, हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीरावांनी 1885 मध्ये नाकारले, हेही विसरता येत नाही. जे आमचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभेत आम्ही का यावे, असा त्या पत्राचा रोख होता. रानड्यांच्या सचोटीविषयी तेथे वादच नव्हता. प्रश्न होता तो नेता कोणाला जबाबदार आहे, हा. सचोटी, बुद्धी, सामाजिक हेतू हे सारे नेत्याकडून पाहिलेले गुण. जोतीराव मोजमाप खालून घेतात. तळाचा माणूस या नेत्याला काय म्हणतो, ते विचारतात.

ही उणीव बाबासाहेबांनी स्वतःच भरून काढली, असे मी मानतो. 1946 मध्ये शूद्रांविषयीचा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. 1943 ची कसोटी आणि 1949 चा इशारा एकत्र वाचले, तरच नेतृत्वाची नीती पूर्ण होते. पहिल्यात नेत्याचे कर्तव्य आहे, दुसऱ्यात अनुयायाचे.

आता हे मोजमाप आपण स्वतःला लावू या. रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झाला आणि काही वर्षांतच फुटला. 1972 ची दलित पँथर 1974 मध्ये फुटली. प्रत्येक फुटीच्या वेळी आपण विचारले, कोणता नेता खरा? कोणता नेता आपल्याला उत्तर द्यायला बांधला आहे, हे क्वचितच विचारले. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो आपण खांद्यावर घेतो, पण पुढाऱ्याला जाब विचारताना मान खाली घालतो. ही भक्तीच आहे, आणि तिच्याविरुद्ध त्यांनी आपल्याला बजावले होते.

अभ्यासक्रमात हे व्याख्यान यावे, यासाठी मी आता अर्ज करतो. तो मान्य होईल न होईल. पण शिक्षक मित्रांनो, परवानगीची वाट न पाहता ते वर्गात वाचा. आणि त्या शब्दापाशी पोचलात की तो धुऊन घेऊ नका. मागच्या बाकावर कोणीतरी ऐकत असेल.