‘मुंगूस’ शब्दाचे कुळ

इंग्रजीतील ‘मॉंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला, असे इंग्रजी कोशकार नमूद करतात, आणि आपले लेखक ही नोंद मराठीचे भूषण म्हणून मिरवतात. नोंद खरी असली, तरी ती शब्दाचा शेवटचा मुक्काम तेवढा सांगते.

संस्कृत ‘नकुल’पासून हिंदीत ‘नेवला’ व गुजरातीत ‘नोळियो’ झाले. मराठीने ती वाट धरली नाही. उलट सिकंदराबादेतील आमचा तेलुगू शेजारी या प्राण्याला ‘मुंगिस’ म्हणतो, आणि कन्नडात ‘मुंगुसि’ आहे. तेव्हा हा शब्द मराठीत दक्षिणेकडून आला असावा, हेच मत ग्राह्य वाटते. ऋण घेतलेले धन दान म्हणून सांगणे कितपत उचित?

जॉन फ्रायरच्या १६९८ च्या प्रवासग्रंथात तो इंग्रजीत आढळतो. पुढे इंग्रजांनी त्याच्या शेपटीला हंसवाचक ‘गूस’चे वर्ण जोडले. अर्थाचा काडीचाही संबंध नाही! त्या ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’. म्हणून विद्यार्थी ‘मॉंगीस’ लिहितात. शिष्टसंमत रूप ‘मॉंगूसेस’ हेच.

मराठी कोशांत ‘मुंगूस’पुढे तेलुगू व कन्नड रूपे छापली जावीत, अध्यापकांनी तोवर ती फळ्यावर लिहावीत.