साधर्म्य आणि हक्क : बेने इस्रायली कीर्तनाच्या निमित्ताने

बहुधर्मीय आणि बहुभाषिक देशातील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार सामान्यतः कायदा आणि राज्यशास्त्र यांच्या परिघात केला जातो. साहित्यसमीक्षेशी त्याचा संबंध मानला गेलाच, तर तो विषयवस्तूपुरता मर्यादित राहतो. वस्तुतः एखाद्या समूहाचे लेखन कोणत्या निकषावर ‘मराठी’ म्हणून स्वीकारले जाते, हा प्रश्न हक्काच्या संकल्पनेलाच भिडणारा आहे. कोकणातील बेने इस्रायली समाजाने घडवलेले मराठी कीर्तन या दृष्टीने कसोटीचे उदाहरण ठरते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज या भूमीवर आले, अशी या समाजाची परंपरागत धारणा आहे. पुढे तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गावोगावी विखुरला आणि मराठी हीच त्याची घरची भाषा झाली. विचुंब्यासारखी गावे ज्या पनवेलच्या परिसरात येतात, त्या पनवेल शहरातील ‘बेथ एल’ हे या समाजाचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावे ऐकताना त्यांमागील धर्म ओळखू येत नाही; ओळखू येते ते गाव. तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणाऱ्या या समाजाला शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ असे नाव दिले होते. त्यातील ‘तेली’ हा शब्द समाजाला गावगाड्यात जागा देतो आणि ‘शनिवार’ हा शब्द, त्या दिवशी घाणा बंद ठेवणाऱ्यांचे वेगळेपण नोंदवतो. साधर्म्य आणि भेद यांचे असे सहअस्तित्व हाच या समाजाच्या सांस्कृतिक व्यवहाराचा मूलाकार म्हणता येईल.

या समाजाला आपल्या धर्मग्रंथांचा लेखी परिचय एकोणिसाव्या शतकात पुन्हा घडला, आणि त्यात मराठीचा वाटा मोठा होता. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ सालचे. वल्हांडण सणाच्या ‘हगादा’ या प्रार्थनाग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत १८४६ साली निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. या प्रक्रियेचाच पुढचा टप्पा म्हणजे १८८० साली मुंबईत सुरू झालेले बेने इस्रायली कीर्तन. हरिदासी कीर्तनाचा आकृतिबंध, साकी-दिंडीसारखी वृत्ते आणि कथनाची निरूपणपद्धती तशीच ठेवून त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने गुंफण्यात आली.

या कीर्तनाचे प्रथमदर्शनी आकलन ‘समन्वय’ या संज्ञेने होते. परक्या धर्माचा समाज मराठी मातीशी एकरूप झाला, अशी कौतुकाची नोंद करून वाङ्मयेतिहासकार पुढे जाऊ शकतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ साली मांडलेल्या देशीयतेच्या भूमिकेचा ढोबळ उपयोग केल्यासही असाच निष्कर्ष निघतो : आकृतिबंध देशी असल्याने कृती देशी ठरते. परंतु या आकलनात कृतीचे प्रयोजनच हरवते. कीर्तनकारांना समाजबांधवांपर्यंत तोरातील कथा आणि एकेश्वरी आचारधर्म पोचवायचा होता. मूर्तिपूजेचा निषेध करणाऱ्या या धर्मात कीर्तनासमोर मूर्तीला स्थान असणे शक्यच नव्हते. म्हणजे बहुसंख्याकांचा आकृतिबंध येथे त्यांच्यात विरघळून जाण्यासाठी स्वीकारलेला नाही. स्वतःचे वेगळेपण जाणतेपणाने टिकवण्यासाठी तो वापरलेला आहे. समन्वयाची प्रशस्ती या कीर्तनातील साधर्म्य तेवढे स्वीकारते आणि भेदाला तपशील समजून बाजूला सारते. आपल्यासारखे आहे तेवढेच आपले, असा हा निवाडा असतो.

राज्यघटनेची भाषा या संदर्भात अधिक सूक्ष्म आहे. अनुच्छेद ३० धर्म किंवा भाषा यांवर आधारित अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २९ मात्र स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क देतो. तेथे संख्येची अट नाही. वेगळेपण हाच हक्काचा आधार आहे. टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अल्पसंख्याकत्व ठरवण्यासाठी राज्य हा घटक मानला. त्यानुसार बेने इस्रायली महाराष्ट्रात भाषेने बहुसंख्य आणि धर्माने अल्पसंख्य ठरतात. २०११ च्या जनगणनेत देशभरातील ज्यूंची संख्या पाच हजारांहून कमी भरली. राज्य शासनाने त्यांना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ साली. तोपर्यंत बहुतेक कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाली होती.

हाच न्याय सीमेपलीकडे लावून पाहणे उद्बोधक आहे. बेळगावातील मराठी भाषक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहे. कन्नडशी आपले किती साम्य आहे हे दाखवून तो हक्क मागत नाही. शाळेत, कागदपत्रांत, फलकांवर मराठी राहावी असे तो म्हणतो. तेथे भेदाच्या जतनाला हक्क मानणाऱ्या मराठी वाङ्मयविचाराने महाराष्ट्रात मात्र साधर्म्याची अट घालावी, यात तात्त्विक विसंगती आहे.

साधर्म्याच्या कसोटीचा धोका बेने इस्रायलींना दुसऱ्या बाजूनेही अनुभवावा लागला. १९६२ साली इस्रायलमधील प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीच्या चौकशीचे निर्देश काढले. ज्या राष्ट्रात ते धर्माने बहुसंख्याकांत सामील झाले, तेथेच त्यांच्या ज्यूपणाचा पुरावा मागण्यात आला. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. बहुसंख्याकत्व कोणतेही असो, साम्य सिद्ध करण्याचे ओझे ते दुबळ्या पक्षावर टाकते. त्याच देशात या समाजाने ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालवले, ही घटनाही याच संदर्भात वाचावयास हवी. तेथे मराठी हीच भेदाची खूण झाली होती.

यातून समीक्षेपुढे येणारे कार्य नेमके आहे. ‘ख्रिस्तपुराण’ असो, शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ असो किंवा बेने इस्रायली कीर्तन असो, या संहितांचे वाचन त्यांच्या मराठीपणाच्या प्रमाणपत्रापाशी थांबता कामा नये. कीर्तनाच्या अभ्यासकाला हरिदासी परंपरेइतकीच तोरातील मूळ आख्यानाची जाण हवी. आख्यान साकीत उतरताना काय वगळले गेले आणि काय हट्टाने राखले गेले, हे त्याशिवाय कळणार नाही. छापील कीर्तनसंहितांच्या चिकित्सक आवृत्त्या हा त्याचा पहिला भाग होय. जतन करण्याचा हक्क घटना देते. जे जतन करावयाचे ते वाचता येण्याजोगे ठेवणे ही वाङ्मयाच्या अभ्यासाची जबाबदारी आहे, आणि जाणकार वक्ते व श्रोते येथून निघून जात असताना ती लांबणीवर टाकता येण्यासारखी नाही.