श्रमिक पित्याचा त्याग आणि त्याचे अनुल्लेखित वाटेकरी

कष्टकरी आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला परदेशी विद्येपर्यंत पोहोचविले, हे कथासूत्र मराठी चरित्रपर वाङ्मयात आता चांगलेच रुळले आहे. ते रुळले म्हणूनच कदाचित त्याची चिकित्सा मागे पडली. ‘त्याग’ हा शब्द आला की समीक्षा हात जोडून थांबते. वस्तुतः त्याग कोणी केला, कशाचा केला आणि तेवढ्याने परदेशगमन साध्य झाले काय, हे तीन प्रश्न अशा प्रत्येक ग्रंथाला विचारावयास हवेत. धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आणि नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या दोन ग्रंथांपुरता तो विचार येथे केला आहे.

कीरांच्या चरित्रातील रामजी सुभेदार परळच्या चाळीतील एका खोलीत संसार मांडून मुलाच्या अभ्यासासाठी रात्रीची झोप मोडतात. पुस्तकाला पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जातात. उसने पैसे न मिळाल्यास मुलीचा दागिना सावकाराकडे गहाण टाकतात आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवितात. प्रसंग हृद्य आहे, आणि त्यात रामजींचे मोठेपण निःसंशय आहे. परंतु दागिना ज्यांच्या अंगावरून उतरला त्या बहिणी प्रसंगाच्या कडेलाच उभ्या राहतात. त्याग पित्याच्या नावे जमा होतो; त्यातील एक वाटा मुलींचा होता, हे वाचकाला स्वतः ताडावे लागते.

पुढील घटनाक्रम अधिक बोलका आहे. रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. हा प्रवास बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीमुळे घडला, आणि तिच्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार करावा लागला. १९२० मध्ये लंडनला परतताना प्राध्यापकीच्या वेतनातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज हाताशी होते. परळचा संसार मात्र रमाबाईंनी ओढला. म्हणजे पित्याच्या त्यागाने मुलगा सागरतीरापर्यंत आला. सागर ओलांडण्यास राजाश्रय, मित्राचे ऋण आणि पत्नीचे काबाडकष्ट लागले. ही वस्तुस्थिती चरित्रात नोंदलेलीच आहे. तिला ‘पित्याच्या त्यागाचे फळ’ या एका सूत्रात कोंबणे, हा पुढील गौरवपर लेखनाचा दोष होय.

‘आमचा बाप आन् आम्ही’ हा ग्रंथ या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे. ओझरहून मुंबईत आलेला, रेल्वेत व पुढे पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेला दामोदर जाधव हा पिता येथे केवळ स्मरणाचा विषय नाही. त्याने उतारवयात स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी हा ग्रंथाचा पाया आहे. त्यामुळे त्यागाची कथा लाभार्थी पुत्राच्या कृतज्ञतेतून गाळून येत नाही. मुलाच्या परदेशातील संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग काय, असे हा बाप विचारतो. या प्रश्नात मुलाकडून परतफेडीची अपेक्षा आहे. पण ती घरासाठी नसून समाजासाठी आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथील मध्यमवर्गीय वृद्ध दांपत्याचे दुःख अमेरिकेत गेलेला मुलगा दुरावल्याचे आहे. मुलगा परत आला की नाही, हे त्या घराचे परिमाण. मुलगा कोणाच्या उपयोगी पडला, हे जाधवांच्या बापाचे.

तथापि या ग्रंथाच्या शीर्षकातही ‘बाप’ आहे, ‘आम्ही’ आहे, आई नाही. ‘वडील’ न म्हणता ‘बाप’ म्हणणारे आणि ‘आन्’ हे बोलीरूप अभिमानाने मिरविणारे हे शीर्षक प्रमाणभाषेची चौकट मोडते, घराची मोडत नाही. पुढे इंग्रजी अवतारात (२००३) दामू व सोनू यांची निवेदने आळीपाळीने येतात, ही या उणिवेची एक प्रकारे दुरुस्तीच मानावी लागेल. संसार काटकसरीने चालविणारीचा आवाज जोडला जाताच त्याच जीवनकथेचा अर्थ पालटतो; पित्याच्या निश्चयाची कथा दोघांच्या श्रमविभागणीची कथा होते.

हा केवळ वाङ्मयीन तपशिलाचा प्रश्न नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४–५५ पासून चालत आली. ज्यांना अशी शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यांच्यापुढे कर्ज उरते, आणि मोठ्या कर्जाला तारण म्हणून घर किंवा जमीन लागते. ‘आईबापांनी मनावर घेतले तर सर्व शक्य आहे’ असा बोध जर या ग्रंथांतून काढला, तर ज्यांची मुले जाऊ शकली नाहीत त्या गिरणी-गोदीतील आईबापांचा त्याग उणा होता, असा अन्यायकारक निष्कर्ष आपोआप निघतो. त्यांचा त्याग उणा नव्हता. त्याला सार्वजनिक द्रव्याची जोड मिळाली नाही, इतकेच.

म्हणून या प्रकारच्या लेखनाचे मूल्यमापन करताना पित्याची थोरवी किती उत्कटतेने रंगविली आहे, यापेक्षा तिच्यातील सर्व वाटेकरी किती प्रामाणिकपणे नोंदले आहेत, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरेल. ती लावल्याने रामजी सुभेदार किंवा दामोदर जाधव यांचे मोठेपण कमी होत नाही. त्यांच्या शेजारी दागिना देणारी मुलगी आणि चूल सांभाळणारी पत्नी यांना त्यांची जागा मिळते.