आधी नियम, मग इंजिन

बारावीनंतर ‘गेम डिझाइन’ शिकवू म्हणणाऱ्या पदव्यांची आपल्याकडे आता वानवा नाही. कुठे हा विषय ॲनिमेशन-व्हीएफएक्सच्या बी.एस्सी.ला जोडून येतो, कुठे बी.डेस.ची एक शाखा म्हणून, तर कुठे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमधले स्पेशलायझेशन म्हणून. सरकारी रेटाही आहे. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिगटाची घोषणा झाली, २०२५मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने या क्षेत्राचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. आता एखादे माहितीपत्रक उघडून विषय पाहावेत: रेखाटन, थ्रीडी मॉडेलिंग, टेक्श्चरिंग, रिगिंग, मग युनिटी, मग अनरिअल ही गेम बांधायची इंजिने, शेवटी पोर्टफोलिओ. यातले काहीच निरुपयोगी नाही. पण गेम दिसावा कसा आणि चालवावा कसा हे शिकवून होईतो तो खेळावासा का वाटावा, या प्रश्नाला वेळापत्रकात तास उरत नाही. एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनला स्वतंत्र स्थान आहे, पण ते पदव्युत्तर पातळीवर. पदवीला हा क्रम उलटा करायला हवा, आणि पहिले वर्ष तरी इंजिनाला हात न लावता काढायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

इंजिन नाही तर मग वर्षभर शिकवायचे काय? घरोघरचा लुडो घ्या. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, हा नियम आपण निमूटपणे पाळत आलो आहोत. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक. लागोपाठ दहा वेळा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. चौघे खेळत असतील तर प्रत्येकाच्या दहा फेऱ्या झाल्यावरही निदान एक जण घरातच अडकलेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे निम्म्या डावांत कोणीतरी नुसता बसून आहे. आता नियम बदला: एक पडो की सहा, सोंगटी निघेल. दहा फेऱ्या अडकून राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते. खेळ जास्त न्याय्य झाला, पण सहा पडल्यावर होणारा आरडाओरडा तितकाच राहिला का? सोंगट्या लवकर बाहेर आल्याने मारामारी वाढून डाव लांबला, की आटोपला? इथे गणिताची मदत संपते. निरनिराळ्या वयाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या गटांना खेळायला बसवावे लागते आणि आपण बाजूला गप्प बसून पाहावे लागते. नियम बदलणे, परिणामाचे भाकीत करणे, लोकांना खेळवून ते खोटे ठरताना पाहणे आणि पुन्हा लिहिणे, एवढेच या विद्येचे मूळ आहे. त्यात गप्प बसणे सर्वांत कठीण. विद्यार्थी हटकून मध्ये पडतो, ‘तसं नाही, असं करायचं’ म्हणतो आणि चाचणी वाया जाते. नियमपत्रिका लिहिणे हेही चांगले अवघड काम आहे. तोंडी एक शब्द न सांगता, फक्त मराठीतले एक पान वाचून चार अनोळखी माणसांना खेळ खेळता आला पाहिजे.

यावर ‘मुले व्हिडिओ गेम शिकायला येतात आणि तुम्ही त्यांना सोंगट्या देता’ असा आक्षेप येणारच. पटावरचे खेळ इथे परंपरेच्या अभिमानापोटी आणायचे नाहीत. ते स्वस्त आहेत आणि त्यांचे नियम उघड्यावर असतात, म्हणून आणायचे. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट पाहा. त्यात खेळणाऱ्याला निवड शून्य. आजच्या पाठ्यपुस्तकी निकषांवर हा खेळ नापास व्हावा. तरी साप कोणत्या दुर्गुणाच्या घरी आणि शिडी कोणत्या सद्गुणाच्या, यातून त्या पटाने एक अख्खे जीवनदर्शन मांडले. निवड नसणे हाच तिथे आशय होता. पुढे इंग्रजी बाजारात नीती गळून पडली आणि साप-शिड्या उरल्या. नियम तेच राहून अर्थ कसा निघून जातो, याचा याहून चांगला धडा महागड्या संगणक-प्रयोगशाळेत मिळणार नाही.

परदेशांतली वाटचालही याच दिशेची आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्टे विद्यापीठाने कॉम्प्युटर गेम्सची पदवी १९९७मध्येच सुरू केली, पण शिकवण्याची परिभाषा घडली त्यानंतरच्या दशकात. केटी सेलन आणि एरिक झिमरमन यांचे ‘रूल्स ऑफ प्ले’ २००३चे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणाऱ्या ट्रेसी फुलरटन यांचे ‘गेम डिझाइन वर्कशॉप’ त्याच्या पुढच्या वर्षीचे, आणि त्याचा सारा भर कागदी नमुन्यांवर व सततच्या प्लेटेस्टिंगवर. या भराला बळ देणारे उदाहरण अमेरिकेतल्याच डिजिपेन संस्थेतले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा २००५चा ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ दिसायला बेताचाच; त्यात कल्पना एकच होती, दोन पृष्ठभागांवर दोन दारे उघडायची, एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर. व्हॉल्व्ह कंपनीने तो संघच नोकरीवर घेतला आणि २००७मध्ये ‘पोर्टल’ आला. विकत घेतला गेला तो नियम. चित्रे कंपनीकडे भरपूर होती.

आपल्याकडच्या कामाकडे या नजरेने पाहिले की दुखणे लक्षात येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. पटांगणे, तोरणे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली पुराणकथा हे सगळे देखणे आहे आणि त्याचे कौतुक योग्यच झाले. पण लढाईचे आणि उड्यांचे नियम आपण आधी अनेक परदेशी गेम्समध्ये खेळलेले. वेष आपला, चाल उसनी. याउलट टोरंटोमध्ये तयार झालेल्या २०२३च्या ‘वेन्बा’त स्थलांतरित तमिळ आई आपल्या आईच्या फाटक्या, पुसट झालेल्या पाककृतींच्या वहीवरून स्वयंपाक करते आणि हरवलेल्या ओळी खेळणाऱ्याने ताडायच्या असतात. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या, हेच कोडे. आठवण आणि विसर कथेत सांगितलेले नाहीत, ते नियमातच बसवले आहेत. दोन्ही गेम छोट्या संघांचे. फरक तंत्राचा नाही.

नोकरीचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. आपला उद्योग बराचसा परदेशी कंपन्यांच्या कामावर वाढला, आणि तिथे विचारतात ते सॉफ्टवेअरच. लाखांत फी भरणाऱ्या पालकांना ‘मुलगा पहिले वर्ष फासे टाकतो’ हे सांगायचे कोणत्या तोंडाने? पण सॉफ्टवेअरचे आयुष्य पदवीहून आखूड असू शकते. एके काळी वर्गावर्गांतून शिकवले जाणारे फ्लॅश ॲडोबीने २०२०च्या अखेरीस बंद केले. युनिटीने सप्टेंबर २०२३मध्ये दर इन्स्टॉलेशनमागे शुल्क जाहीर केले, तेव्हा कित्येक छोटे संघ दुसरे इंजिन शोधू लागले. वर्षभराने ते शुल्क मागे घेतले गेले. त्यामुळे इंजिन शिकवायचेच, पण दुसऱ्या वर्षापासून, आणि एक नव्हे, दोन. तिसरे आपले आपण शिकता येते.

नव्या शैक्षणिक धोरणाची अडचण याहून खरी आहे. चार वर्षांच्या १६० श्रेयांकांच्या पदवीत दरवर्षी बाहेर पडायची सोय आहे, म्हणून प्रत्येक वर्षाअखेर हातात ‘विकाऊ’ कौशल्य द्यायचा मोह होतो आणि युनिटी पहिल्या सत्रात घुसते. उत्तर त्याच आराखड्यात आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्याला उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास करावा लागतो. जाणाऱ्यांना सॉफ्टवेअर तिथे द्यावे. राहणाऱ्यांचे वर्ष त्यासाठी खर्ची घालू नये.

नियमांचे गणित शिकवण्याला आणखी एक कारण अलीकडे मिळाले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आणि नोकऱ्यांचा एक मोठा दरवाजा बंद झाला. तिथेही अखेर शक्यताच विकली जात होती. खेळणाऱ्याला ‘थोडक्यात हुकलं’ असे वाटत राहावे म्हणून आकडे कसे बसवतात, हे कळलेला पदवीधर तसे करायला नकार देऊ शकतो. न कळलेला ते ‘रिटेन्शन’ समजून करत राहतो.

उरला प्रश्न शिकवणार कोण आणि तपासणार कोण. गेम रचलेल्या माणसांकडे बहुधा नेट किंवा पीएच.डी. नसते. यूजीसीच्या २०२२च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसे घेता येतात, तेवढा मार्ग तरी वापरावा. परीक्षेत तयार गेमला निम्मेच गुण द्यावेत. उरलेले टाकून दिलेल्या आवृत्त्यांच्या वहीला, म्हणजे काय बदलले, का, आणि खेळणाऱ्यांनी ते कसे उधळून लावले याच्या नोंदींना. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने बोलायचेच नाही. परीक्षकांनी नियमपत्रिका वाचून खेळायचे. असे परीक्षक मिळत नाहीत, ही विद्यापीठांची सबब खरी आहे. तोवर दोन शेजारच्या कॉलेजांनी एकमेकांचे विद्यार्थी खेळायला धाडावेत. त्याला शासन-निर्णय लागत नाही.