वचन आणि आठवण : मित्रभेटीच्या दोन कथा

‘सुदाम्याचे पोहे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की, तो वापरताना मूळ कथा आठवण्याचीही गरज उरलेली नाही. अल्प, पण प्रेमाने आणलेली भेट, एवढा अर्थ त्यातून तत्काळ निघतो. विशेष हा की, ज्या कथेच्या अखेरीस झोपडीच्या जागी प्रासाद उभे राहतात, त्या कथेतून भाषेने प्रासाद उचलले नाहीत. फडक्यात बांधलेले पोहे उचलले. आख्यानांतून या कथेचा भर सामान्यतः भक्ताला लाभलेल्या वैभवावर पडत आला आहे. असे असता भाषेने केलेली ही निवड त्याहून मार्मिक म्हणावी लागेल. ती मार्मिक का, हे समजण्यासाठी सुदाम्याची कथा एकटी वाचून भागत नाही. तिच्या शेजारी महाभारताच्या आदिपर्वातील द्रोण-द्रुपदांची कथा ठेवून पाहावी लागते.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. दोन मुले एका आश्रमात शिकतात. पुढे एक ऐश्वर्यास चढतो, दुसरा दरिद्री गृहस्थ होतो. मध्ये बरीच वर्षे जातात. घरची उपासमार दरिद्री मित्राला बाहेर काढते आणि तो आपल्या सहाध्यायाच्या दाराशी येतो. द्रोणाच्या घरी श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडतो. पोरे त्याला पिठाचे पाणी देऊन भुलवितात, आणि दूध प्यालो म्हणून तो आनंदाने नाचू लागतो. महाभारतातील अत्यंत दुःखद प्रसंगांत याची गणना व्हावयास हवी. रणांगणावरचे कित्येक वध याच्यापुढे फिके वाटतात. सुदाम्याकडे हे काम त्याची पत्नी करते. ती रडत नाही, नवऱ्याला टोचूनही बोलत नाही. द्वारकेस जाण्याविषयी पुनःपुन्हा विनविते, एवढेच. इथपर्यंत दोन्ही कथा समांतर आहेत. त्यानंतर एकीतून वैर जन्माला येते आणि दुसरीतून मैत्रीचा आदर्श. या फरकाचे उत्तर सहसा श्रीमंत मित्राच्या स्वभावात शोधले जाते: द्रुपद उन्मत्त, श्रीकृष्ण उदार. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. फरकाचे मूळ, भेटीच्या वेळी कोणता भूतकाळ पुढे केला जातो, यात आहे.

द्रोण दरबारात येतो तो ‘मी तुझा सखा आहे, हे ओळख’ अशा अर्थाचे शब्द घेऊन. या ‘सखा’ शब्दामागे काय दडले आहे, हे श्रोत्याला कळते ते पुढे हस्तिनापुरात, द्रोण भीष्माला आपली हकीकत सांगतो तेव्हा. बालपणी द्रुपदाने त्याला आश्वासन दिले होते की, आपण राजा झालो म्हणजे राज्याचा उपभोग तुझाही असेल. म्हणजे द्रोणाने इतकी वर्षे जपलेली गोष्ट वचनाची आहे. आश्रमातील इतर दिवस, खेळ, एकत्र अध्ययन ही सर्व त्याच्या कथनात त्या वचनाची पार्श्वभूमी म्हणून येतात. दस्तऐवज जपून ठेवावा तशी ही आठवण आहे, आणि दस्तऐवज दाखविला की समोरच्याने तो मान्य करावा किंवा नाकारावा, याखेरीज तिसरा मार्ग उरत नाही. द्रुपद तो नाकारतो. राज्याविषयी असा काही करार झाल्याचे आपल्याला ठाऊक नाही. एका रात्रीचे भोजन हवे तर देतो, असे तो म्हणतो.

द्रुपदाचे भाषण कठोर आहे, यात शंका नाही. तथापि त्यातील एक विधान सहज टाकून देण्याजोगे नाही. काळ माणसांना झिजवितो तशी मैत्रीलाही झिजवितो, आणि सख्य समानांतच टिकते, असे तो सांगतो. चाळिशी ओलांडलेल्या कोणाही वाचकाला हे सर्वस्वी असत्य वाटेल असे नाही. द्रुपदाचा अपराध या सत्याचा त्याने ढालीसारखा उपयोग केला, हा आहे. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, द्रोणाने हे विधान मनोमन स्वीकारले. अर्जुनाकरवी द्रुपदाला बांधून आणल्यावर तो सूड म्हणून त्याचा प्राण घेत नाही. अर्धे राज्य घेतो, आणि राजा नसलेल्याला राजाचा मित्र होता येत नाही म्हणून हे घेतले, असे सांगतो. गंगेच्या उत्तरेचा पांचाल द्रोणाकडे, दक्षिणेचा द्रुपदाकडे. आता दोघे समान झाले. द्रुपदाच्या व्याख्येप्रमाणे मैत्रीची अट पुरी झाली. मैत्री मात्र झाली नाही. द्रुपदाने यज्ञ करून द्रोणाचा वध करणारा पुत्र मिळविला, आणि भारतीय युद्धाच्या पंधराव्या दिवशी प्रथम द्रोणाने द्रुपदाला व मागून धृष्टद्युम्नाने द्रोणाला मारले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) द्रोणाकडे स्वधर्म सोडणारा ब्राह्मण म्हणून पाहिले आहे. ती दृष्टी महत्त्वाची आहेच. पण वर्णधर्माच्या कक्षेबाहेरही या माणसाची एक शोकांतिका आहे. बालपण त्याला ऋण म्हणूनच आठवले.

भागवताच्या दशम स्कंधातील ८० व ८१ हे अध्याय यानंतर वाचले म्हणजे त्यांतील लहानसहान तपशील निराळे दिसू लागतात. प्रथम नावाचीच गोष्ट. या दोन अध्यायांत त्या ब्राह्मणाला सुदामा म्हटलेलेच नाही; तो कृष्णाचा कोणी एक ब्राह्मण सखा आहे. भागवतात सुदामा हे नाव येते ते मथुरेतील माळ्याचे. आपल्याला परिचित असलेले नाव पुढील परंपरेने दिले. निघताना हा ब्राह्मण मनाशी म्हणतो की, कृष्णाचे दर्शन हाच मोठा लाभ. आणि पत्नीला विचारतो की, नेण्याजोगे घरात काही आहे काय. घरात काही नसते. ती शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणते व फडक्यात बांधून देते. येथेच द्रोणाहून त्याचा मार्ग वेगळा झाला. मागायला निघालेला माणूस देण्याची वस्तू घेऊन निघाला.

द्वारकेत कृष्ण त्याला दुरून पाहताच उठतो, मिठी मारतो, त्याचे पाय धुतो. या आदरातिथ्याची वर्णने मराठी श्रोत्याला परिचित आहेत. त्यानंतरचे संभाषण मात्र तितके लक्षात घेतले जात नाही. कृष्ण मित्राच्या संसाराची थोडी चौकशी करतो. गुरुगृहातून परतल्यावर अनुरूप पत्नी मिळाली ना, असे विचारतो. दारिद्र्याविषयी एक अक्षर नाही, स्वतःच्या वैभवाविषयीही नाही. मग हातात हात घालून दोघे सांदीपनींच्या आश्रमाकडे वळतात, आणि कृष्ण निवडतो तो प्रसंग सरपणाचा. गुरुपत्नीने लाकडे आणावयास पाठविले, अवेळी वादळी पाऊस आला, अंधार पडला, पाण्याने उंचसखल कळेना; एकमेकांचे हात धरून रात्रभर रानात भटकले आणि सूर्योदयी गुरू शोधीत आले. या आठवणीत कोणी कोणाला काही दिले नाही, काही कबूल केले नाही. दोघेही सारखेच भिजले, सारखेच भ्याले. द्रुपद ज्या समानतेशिवाय मैत्री नाही म्हणतो, ती समानता येथे त्या एका रात्रीपुरती पूर्ण होती. आणि कृष्ण आपल्या मित्राला तिच्यात नेऊन बसवितो. वचनावर एकाचा हक्क असतो व दुसऱ्यावर बोजा. अशा रात्रीवर दोघांची मालकी सारखी असते.

यानंतर भेटवस्तूचा प्रसंग. माझ्यासाठी काय आणलेस, असे कृष्ण विचारतो, आणि ब्राह्मण लाजेने मान खाली घालतो. एवढ्या ऐश्वर्यात चार मुठी पोहे काढण्याचे त्याला धैर्य होत नाही. कृष्ण ते हिसकावून घेतो, एक मूठ खातो, दुसरी घेताना देवी त्याचा हात धरते. टीकाकार या देवीला रुक्मिणी समजतात. विदर्भातील वाचकाचे लक्ष येथे थोडे रेंगाळले तर नवल नाही. कुंडिनपुराहून रुक्मिणीचा संदेश घेऊन द्वारकेस गेलेला दूतही एक अनाम ब्राह्मणच होता, आणि त्याही वेळी कृष्णाने आसनावरून उतरून त्याचे स्वागत केल्याचे भागवत सांगते. स्वतः रुक्मिणीचा संसार एका ब्राह्मणाच्या पायपिटीवर उभा आहे. दुसऱ्या ब्राह्मणाला तिने चवरीने वारा घातला, यात त्या जुन्या ऋणाचीही काही जाणीव असेल. अर्थात संहिता असे म्हणत नाही.

कथेचा खरा कस लागतो तो दुसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर. ब्राह्मणाने काही मागितलेले नाही आणि कृष्णाने हातात काही ठेवलेले नाही. द्रोणही रिकाम्या हातांनी परतला होता. पण या वाटेवर ब्राह्मणाच्या मनात येते ते असे: निर्धनाला धन मिळाले तर तो उन्मत्त होऊन आपल्याला विसरेल, म्हणूनच त्या दयाळूने ते दिले नसावे. हे स्पष्टीकरण काहीसे भाबडे आहे, पण ते त्याचे स्वतःचे आहे. मित्राच्या वतीने त्याने ते स्वतःशी रचले. कथा येथे संपली असती तर कलादृष्ट्या अधिक निर्दोष झाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. पुढे येणारे प्रासाद भक्तिकथेला आवश्यक आहेत. मैत्रीच्या कथेला ते किंचित अडचणीचेच होतात. वैभव मिळून समानता आली म्हटले, तर द्रुपदाचाच सिद्धांत मागल्या दाराने आत येतो. तथापि एका बाबतीत भागवतकाराची सूक्ष्मता मान्य करावी लागेल. देणे घडते ते घेणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या गावी. दोघांच्या दृष्टीसमोर देवघेव झाली ती फक्त पोह्यांची. शिवाय पतीच्या निष्काम वृत्तीने पत्नीची चूल पेटणार नव्हती, हेही विसरून चालत नाही. कथेतील ही एकमेव व्यवहारी व्यक्ती आख्यानांत फारच लवकर बाजूला पडते; पोहे मात्र तिनेच मागून आणलेले होते.

भाषेने पोहे निवडले याचा अर्थ आता स्पष्ट होईल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी (जन्म नागपूर, १८७१) आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी’ हे नाव दिले तेव्हा त्यांनी हाच अर्थ हेरला. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट सदैव एकत्र वावरणारे. त्यांच्या पुनर्भेटीचा प्रश्नच येत नाही. नावातील विनम्रता वाचकाला उद्देशून आहे. फडके त्याच्यापुढे सोडलेले आहे. त्याने कृष्ण व्हावे की द्रुपद, हे त्याच्यावर सोपविलेले आहे.

मात्र समान आठवण पुरेशी असते, असा नियम यावरून काढता येणार नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली दुरावलेली मैत्री त्याला अपवाद आहे. टिळक व आगरकर दोघेही १८५६ सालच्या जुलैत जन्मलेले. डेक्कन कॉलेजात जुळलेला त्यांचा स्नेह १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या व १८८१ मध्ये ‘केसरी’च्या कार्यात उतरला. दोघांमध्ये संपत्तीचे अंतर नव्हते. दारिद्र्य दोघांनी समजून-उमजून पत्करलेले होते. त्यांच्याजवळ वादळी रात्रही होती. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि आगरकरांनी त्याच वर्षी त्यांची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. दोघांच्या मालकीची आठवण इतकी ठसठशीतपणे क्वचितच नोंदली गेली असेल. तरीही १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला, १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि मने जुळली नाहीत. कृष्णाला व सुदाम्याला एक रात्रभर वर्तमानाविषयी मौन पाळता आले. या दोघांना ते शक्य नव्हते. वर्तमानाविषयी लिहिणे हाच त्यांचा धर्म होता, आणि दर आठवड्याला ते लिहावे लागत होते. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. दुसऱ्या दिवशीच्या ‘केसरी’तील मृत्युलेखात, मृत्यूपुढे मतभेद मागे पडून जुन्या गोष्टी आठवतात, अशा आशयाची कबुली टिळकांनी दिली. तेव्हा दोघांचेही वय अडतीस होते.