ऑर्किडची मुळं वाचताना

ऑर्किडचं फूल कुणालाही भुरळ घालतं. माझ्या लेखी मात्र या झाडाचा खरा रस मुळांत आहे. ती डोळे भरून बघायला मिळतात कुंडी बदलताना.

भोकरदनचा मुलूख काळ्या मातीचा. कपाशी, मका, पिंपळगाव रेणुकाईची मिरची, सगळ्यांची भिस्त तिच्यावर. फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड मात्र या मातीत गुदमरतं. ते मुळात झाडाच्या फांदीवर राहणारं. फांदीचा नुसता आधार घेतं, बांडगुळासारखा तिचा रस शोषत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून कुंडीत पाइनची साल, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे.

एक मूळ जवळून बघा. कोरडं असताना रुपेरी. पाणी पडलं की बघता बघता हिरवं. वरचा थर मेलेल्या, पोकळ पेशींचा. तो टिपकागदासारखा पाणी धरतो, भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा गाभा दिसू लागतो. हा गाभा उजेडात अन्नही तयार करतो. मेलेल्या पेशींनी जिवंत पेशींना पाणी पाजावं, ही किमया मला फुलाहून मोठी वाटते! टोकाला हा थर नसतो. तिथला हिरवा किंवा तांबूस कोंब म्हणजे झाड वाढीला लागल्याची खूण. वाढ थांबून पुन्हा सुरू झाली की मुळावर सांधा दिसतो. सोसलेला उन्हाळा तिथे वाचता येतो.

फुलं गळाली की कुंडी बदला, असं सर्रास सांगतात. पण हिवाळ्यातल्या थंड रात्रींनी आणलेला बहर सरेपर्यंत आपल्याकडे उन्हाच्या झळा सुरू होतात. दुखावलेली मुळं त्यात सावरणं अवघड. साल कुजली नसेल तर मृगाच्या पावसापर्यंत थांबावं.

आधी कुंडी भिजवावी, म्हणजे चिकटलेली मुळं सुटतात. मग एकेक मूळ बोटांनी चाचपावं: टणक लागेल ते ठेवायचं, पिचकून आतला दोरा हाती येईल ते विस्तवावर धरलेल्या कात्रीनं कापायचं. कुंडी मुळांपुरतीच घ्यावी. ऐसपैस कुंडीत मधली साल ओलीच राहते. हवेत सुटलेली मुळं आत कोंबू नयेत, मोडतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार मुळांवर साचतात, तेव्हा पागोळ्यांचं पाणी धरून ठेवलेलं बरं. तेही कापलेल्या जागा सुकल्यावरच द्यावं, पानं थोडी मलूल दिसली तरी.