साक्ष, ईयोब आणि घसरलेला माणूस

दलित आत्मकथनांवर आपण पुष्कळ लिहिले. वेदना, नकार आणि विद्रोह या कसोट्यांवर ती तपासली, प्रस्थापित समीक्षेशी भांडून त्यांना त्यांची जागा मिळवून दिली. परंतु आपल्याच वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे एक आत्मकथन आपल्या समीक्षेच्या नजरेतून निसटले आहे. ते सहसा छापले जात नाही. छापले तरी चार पानी पत्रकापलीकडे जात नाही. ते मंडळीसमोर उभे राहून तोंडी सांगितले जाते. ख्रिस्ती समाजात त्याला 'साक्ष' म्हणतात.

मी हे पुरते बाहेरून लिहीत नाही आणि पुरते आतूनही नाही. माझे आजोळ नगर जिल्ह्यातले, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातले. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले आणि पुढच्या काळात त्या भागातले कितीतरी महारवाडे, मांगवाडे ख्रिस्ती झाले. त्यांत आजोळचे घर होते. वडिलांचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. मी ईश्वर मानत नाही. माझा मामा मानतो. त्यावरून आमच्यात वाद झाले, पण ताटातूट कधी झाली नाही.

साक्षीची रचना ठरलेली असते. पहिला भाग, मी असा होतो: दारू, मारहाण, आजार, कर्ज. दुसरा भाग, मग प्रभू भेटला. तिसरा भाग, मी बरा झालो, घर सावरले. शेवटी मंडळी 'आमेन' म्हणते. ही रचना मी हलकी मानत नाही. ज्याला गावाने कधी बोलू दिले नाही, तो चारशे माणसांसमोर 'मी' या शब्दाने वाक्य सुरू करतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण या रचनेत एक भाग नाही, चौथा. बरा झालेला माणूस पुन्हा पडला तर काय, याला साक्षीत जागा नाही.

मामा साखर कारखान्यावर हंगामी कामगार. दारू रोजची. एका प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवला गेला आणि त्याने त्याच दिवशी दारू सोडली. तिसऱ्या रात्री त्याला झटके आले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी माणूस दगावतो. हे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचे असते. मामीने त्याला वेळीच सरकारी दवाखान्यात नेले म्हणून तो वाचला. साक्ष देताना मात्र तो दवाखाना गळाला. सभा चालवणाऱ्यांनीच तसे सुचवले होते: गोळ्यांचे नाव घेतले तर प्रभूचा महिमा कमी होतो.

चौदा महिने मामा कोरडा राहिला. गावोगाव साक्ष देत हिंडला. मग हंगाम संपला, पैसे अडकले, आणि एका संध्याकाळी तो प्याला. पुढच्या सभेत त्याला पुढच्या बाकावरून उठवून मागे बसवले. सभा चालवणारे मामीला म्हणाले, "यांचा विश्वास कमी पडला. घरात काहीतरी पाप दडलेलं आहे, ते शोधा."

मामीने मला विचारले, "बाबा, तू शिकलेला हायेस. माझ्या घरात कंचं पाप हाय ते तरी सांग."

त्या रात्री मी मामीच्या शास्त्रातले ईयोबाचे पुस्तक वाचायला घेतले. समीक्षक म्हणून या पुस्तकाकडे मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

पुस्तक ४२ अध्यायांचे. सुरुवात आणि शेवट गद्यात, मधला बहुतेक भाग काव्यात. गद्यातला ईयोब सहनशील आहे. लोकांना तोच ठाऊक असतो आणि प्रवचनात तोच सांगितला जातो. काव्यातला ईयोब वेगळाच आहे. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे तो देवावर जुलमाचा आरोप ठेवतो, न्यायासनासमोर उभे राहण्याची मागणी करतो, आपला गुन्हा दाखवा म्हणतो. वेदना, नकार, विद्रोह हे सारे येथे आहे, आणि ते एका धर्मग्रंथाच्या पोटात आहे.

त्याला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात. त्यांनी केलेले हेच एक चांगले काम. मग ते बोलू लागतात. अलीफज विचारतो की, निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे काय? बिल्दद मेलेल्या लेकरांनाच दोषी ठरवतो. सोफर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानाने ही शिक्षा कमीच आहे.

हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे नाही काय? याच तर्कशास्त्राने आपल्या पूर्वजांना सांगितले की, तुमचा जन्म हे तुमच्या मागल्या कर्माचे फळ. दुःख आहे म्हणजे दोष असलाच पाहिजे, आणि दोष दुःखी माणसाचाच. कर्मसिद्धान्ताला पुनर्जन्म लागतो, ईयोबाच्या मित्रांना लागत नाही, एवढाच फरक. आणि मामाला मागच्या बाकावर बसवणाऱ्यांनी त्यात 'विश्वासाची कमतरता' हा शब्द घातला, एवढेच नवे. कर्मविपाक वेशीतून बाहेर काढला, तो प्रार्थनासभेच्या मागच्या दाराने परत आला.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवरचा त्यांचा लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा आक्षेप असा की, हिंदू असताना या माणसाला दुर्दशेचे कारण पूर्वकर्म म्हणून सांगितले गेले आणि ख्रिस्ती झाल्यावर आदिपुरुषाचे पाप म्हणून. भोवतालची व्यवस्था दोन्हीकडे निर्दोष सुटली. मामाच्या बाबतीत हेच घडले. हंगामी काम, अडकलेले पैसे, कारखान्याच्या वाटेवरचे गुत्ते यांतले काहीही चौकशीला आले नाही. चौकशी झाली ती मामीच्या घराची.

पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, खुद्द बायबल या मित्रांच्या बाजूचे नाही. शेवटच्या अध्यायात देव अलीफजला सांगतो की, तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी ठीक बोलला नाहीत, ईयोब बोलला. ज्याने देवावर आरोप ठेवले तो ठीक, आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते चूक! मला याचे कारण रचनेतच दिसते. मित्र सतत देवाविषयी बोलतात, देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब भांडतो, पण तो देवाशीच भांडतो. आपल्याकडे कर्ममेळ्याने हीन यातीचा जाब खुद्द विठ्ठलाला विचारला, त्याच जातीचे हे भांडण आहे.

योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मार्काच्या ८ व्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शाने अर्धवटच दिसू लागते, माणसे झाडांसारखी दिसतात. येशू त्याला तुझा विश्वास कमी म्हणत नाही, पुन्हा हात ठेवतो. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. ८८ वे स्तोत्र तर काळोखातच संपते. म्हणजे साक्षीतून गळालेला चौथा भाग मूळ ग्रंथात आहे. तो सभेच्या मंचावरून वाचला जात नाही, इतकेच.

ईयोबाचे पुस्तक मला पूर्णपणे मान्य नाही. त्याचा शेवट साक्षीसारखाच आहे: चौदा हजार मेंढरे, सहा हजार उंट, पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मेलेली लेकरे नव्या लेकरांनी भरून निघतात, यावर कोणत्या आईचा विश्वास बसेल? पहिल्या अध्यायात मारले गेलेले चाकर तर कोणाच्याच शोकात नाहीत. आणि ३० व्या अध्यायात गावाबाहेर हाकललेल्या, घळींत राहणाऱ्या, कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांविषयी ईयोब ज्या तुच्छतेने बोलतो, ती वाचताना मी थांबलो. त्यांच्या बापांना तो आपल्या मेंढरांच्या कुत्र्यांशेजारीही उभे करणार नव्हता. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की, माझ्या दासाला आणि मला गर्भात घडवणारा एकच. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची. स्वतःच्या दुःखाने विद्रोही झालेला माणूस दुसऱ्याच्या दुःखापाशी सवर्णच राहू शकतो, हे या पुस्तकाने नकळत सांगून टाकले आहे.

चौथा भाग लिहिण्याचे धैर्य मला बामा यांच्या 'करुक्कू'मध्ये दिसले. तमिळमधले हे आत्मकथन १९९२ साली आले. सेवेच्या ओढीने मठात गेलेली दलित ख्रिस्ती स्त्री तिथली जात आणि सुखवस्तूपणा पाहून बाहेर पडते. हाती नोकरी नाही, मन मोडलेले. शेवटी कुठे पोचल्याची द्वाही ती फिरवत नाही. ताडाच्या पानाची दोन्हीकडे धार असलेली कड म्हणजे करुक्कू. तिची धार चर्चवर चालते, पण देवाशी असलेले नाते ती तोडून टाकत नाही. लिहिणे हेच तिथे जखम धुणे होते.

मामाला तशी जागा तालुक्याच्या गावी एका खोलीत मिळाली. तिथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक भरते. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रॉन शहरात एका शेअर दलालाच्या आणि एका शल्यविशारदाच्या भेटीतून ही चळवळ निघाली; दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कातले. भेटीनंतर काही आठवड्यांतच तो डॉक्टर पुन्हा प्याला. १० जून १९३५ ला त्याने शेवटचा घोट घेतला आणि चळवळ आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. एका घसरणीनंतरच्या दिवसापासून! मामा तिथे पहिल्यांदा म्हणाला, "काल प्यालो." कोणी पाप शोधले नाही. चहा दिला आणि विचारले, उद्या येणार ना?

मी मामाला एकदा छेडले, "मामा, इतक्यांदा पडलास, तरी देवावर भरवसा कसा?"

तो म्हणाला, "आरं, भरवसा म्हंजे तो मला पडू देनार नाय, आसं नसतंय. पडलो तर त्याला जाऊन सांगता येतंय, त्यो भरवसा."

मी निरीश्वरवादी आहे. तरीही भरवशाची याहून प्रामाणिक व्याख्या मी ऐकलेली नाही. फळाची हमी मागणारा भरवसा हा सौदा असतो. सौदा फसला की दोष गरीब गिऱ्हाइकावर येतो. वाईट बातमी घेऊन परत जाता येते, तिथेच नाते असते. मग ते देवाशी असो, संघटनेशी असो, की घराशी.

गेल्या नाताळानंतर गावच्या जुन्या चर्चमध्ये पाळकांनी मामाला साक्ष द्यायला उभे केले. तो म्हणाला, "चार वेळा घसरलो. दवाखान्यात गोळ्या घेतल्या, आजूनबी घेतो. आज बावीस दिवस झाले." आमेन म्हणायचे की नाही, मंडळीला कळेना. मग मागून एक म्हातारी उठली आणि तिने आपल्या मुलाचे नाव सांगितले. तिच्यानंतर दुसरी. उपासना त्या दिवशी पाऊण तास लांबली.

या साक्षी कोणी लिहून घेतल्या आहेत काय? आजोळ ख्रिस्ती असो वा बौद्ध, आपल्यातल्या लिहित्या तरुणांनी वही घेऊन तिथे बसावे. अलीफजासारखे बोलू नये. पहिले सात दिवस बसले तसे बसावे, आणि जे ऐकू येईल ते या त्रैमासिकाकडे पाठवावे.